मोहफुलाचा गंध आणि अबकारीचा कायदा : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात

तांबड्या वाइनचे परीक्षण करणारा रसज्ञ पेला किंचित हलवून प्रथम तिचा वास घेतो आणि गुलाब, व्हायोलेट अशी फुलांची नावे उच्चारतो. वस्तुतः त्या पेयात फूल पडलेलेच नसते. द्राक्षातील व किण्वनात निर्माण होणाऱ्या द्रव्यांचा तो परिणाम होय. बीटा-आयोनोनमुळे व्हायोलेटचा, तर फिनिलइथेनॉलमुळे गुलाबाचा प्रत्यय येतो. अशा गंधांना निश्चित नावे असावीत म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत ॲन नोबल व त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात वाइनचे गंधचक्रच तयार केले.

पेण व रोहा तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात याच्या उलट स्थिती दिसते. येथील कातकरी व ठाकूर वस्त्यांना परिचित असलेले मद्य प्रत्यक्ष फुलापासून होत असे. त्याच्या गंधाचा कोश मात्र कोणी रचला नाही. हा अभाव रसिकतेचा की कायद्याचा, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

मोहाची मांसल, गोड फुले चैत्राच्या सुमारास पहाटे गळून पडतात. ती वेचून उन्हात वाळवितात. वाळलेले फूल अडीअडचणीच्या दिवसांत खाण्यास उपयोगी पडते. तेच भिजवून आंबविले आणि ऊर्ध्वपातन केले म्हणजे दारू होते. आंबेमोहोरासारख्या तांदळाला सुवास देणारे २-ॲसिटिल-१-पायरोलीन हे द्रव्य मोहाच्या फुलांतही आढळले आहे. फूल, अन्न आणि मद्य यांचा गंध अशा रीतीने एकाच वस्तूत एकवटलेला आहे.

राज्यसत्तेने मद्याची वर्गवारी करावी, ही गोष्ट भारतात नवीन नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी मद्यांचे प्रकार सांगितले असून, द्राक्षरसाच्या मद्याची ओळख त्याच्या उत्पत्तिस्थानावरून करून दिली आहे. आयुर्वेदातील द्राक्षासवात तर द्राक्षाबरोबर धायटीची फुलेही पडतात. परंतु ब्रिटिश अबकारीची दृष्टी निराळी होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर विखुरलेल्या गावभट्ट्यांना फाटा देऊन, देखरेखीखालील मोठ्या भट्ट्या व मक्तेदार यांच्या हाती उत्पादन एकवटण्याचे धोरण दृढ झाले. उरण हे अशा भट्ट्यांचे मोठे केंद्र होते. सरकारी दप्तरात या दारूची ओळख तिच्या तीव्रतेवरून होई. प्रमाणित तीव्रतेहून पंचवीस अंश खाली किंवा साठ अंश खाली, एवढेच तिचे वर्णन. महसुलाला अंश पुरेसा होता. गंधाची त्याला गरज नव्हती.

पुढचे पाऊल अधिक कठोर होते. १८९२ चा मोहफूल कायदा ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांना उद्देशून झाला आणि तोवर मद्यावर असलेले नियंत्रण कच्च्या मालावर, म्हणजे प्रत्यक्ष फुलावर, येऊन पोहोचले. हे फूल गरिबांचे अन्न आहे, असा आक्षेप या धोरणावर घेण्यात आला. तो निराधार नव्हता. दारातील झाडाचे फूल घरात साठविणे संशयास्पद ठरले, आणि परवान्याच्या भट्टीत मात्र त्याच फुलाची दारू राजमान्य राहिली.

स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामागे महसूल वाढविण्याची इच्छा नव्हती, लोककल्याणाची होती. तथापि मोहफुलावरील निर्बंध कायम राहिले. दारूबंदीच्या खटल्यांत तोंडाला येणारा वास हा पुराव्याचा एक भाग झाला. वाइनच्या पेल्यावर जे घ्राणेंद्रिय गुणांची पारख करते, तेच येथे आरोपाचे साधन बनले. ज्या वासाने माणूस पकडला जातो, त्या वासाची बारकाईने चर्चा उघडपणे होणे अशक्य होते.

तरीही भाषेने काही जपले आहे. ‘पहिल्या धारेची’ हा मराठी शब्दप्रयोग उत्तम प्रतीची अचूक ओळख सांगतो. पातनाच्या प्रारंभी येणाऱ्या द्रवाचे वेगळेपण जाणणाऱ्यांनीच तो घडविला असला पाहिजे. याउलट ‘हातभट्टी’ हा निर्मितीची रीत सांगणारा साधा शब्द कालांतराने गुन्ह्याचा वाचक झाला. या दोन शब्दांतील अंतर हे पारख आणि पोलीस यांमधील अंतर होय.

महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण स्वीकारून वाइननिर्मितीस उत्तेजन दिले. मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध उठण्यास २०२१ साल उजाडावे लागले, आणि परवान्याविना मद्य गाळणे त्यानंतरही गुन्हाच राहिले. मद्यपानाने कष्टकरी कुटुंबांची झालेली हानी खरी आहे, आणि मोहाच्या गंधाचे गुणगान करून ती झाकता येणार नाही. मात्र द्राक्षाच्या गंधाला शास्त्र आणि मोहाच्या गंधाला पंचनामा, ही विभागणी पदार्थांच्या गुणांवरून झालेली नाही. ती परवाना कोणाच्या हाती होता यावरून झाली. अबकारीच्या दप्तरात फुलाचे वजन आणि दारूचे अंश सापडतात. फूल वाळत असता अंगणात दरवळणारा वास कसा ओळखावा, कोणते फूल खाण्यास ठेवावे व कोणते भिजवावे, हे ज्ञान पेण-रोह्याच्या वाड्यांतील वृद्धांच्या स्मरणात शोधावे लागेल. मौखिक साधनांचा हा भाग दप्तराइतका टिकाऊ नाही. म्हणून त्याची नोंद आधी होणे अगत्याचे आहे.