बारा नाण्यांचे कपडे



आपल्या धर्मातली एक गंमत लक्षात आली आहे का? आपल्या दोन्ही पंथांची नावेच मुळी कपड्यांवरून पडली आहेत. दिशा हेच ज्यांचे वस्त्र ते दिगंबर, पांढरे वस्त्र ज्यांचे ते श्वेतांबर. आपल्या आर्यिका माताजी एका पांढऱ्या साडीवर राहतात. आणि आपण श्राविका? आपले अंबर काही कपाटात मावत नाही!

म्हणूनच आज आपल्या नाशिकचा एक जुना हिशेब सांगते. तोही कपड्यांचाच आहे.

पांडवलेणी आपण बहुतेकींनी पाहिली आहेत. अकराव्या लेण्यात ऋषभदेव भगवान आणि अंबिकादेवीच्या मूर्ती आहेत, त्यामुळे आपली पावले तिकडेच वळतात. पुढच्या वेळी शेजारच्या दहाव्या लेण्यातही जरूर डोकवा. हे लेणे बौद्ध भिक्षूंसाठी खोदवले ते क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने, सुमारे १९०० वर्षांपूर्वी. ओसरीत त्याचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तिथेच त्याच्या बायकोचा, दक्षमित्रेचाही लेख आहे. तिने एक खोली दान दिली. नवऱ्याचा लेख लांबलचक, बायकोचा अगदी छोटा. तेव्हाही तसेच!

उषवदाताने भिक्षूंना कापडाचे गठ्ठे वाटले नाहीत. त्याने पैसे ठेवले, आणि तेही कुठे? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचेच आपले गाव. दोन श्रेणींकडे मिळून ३००० कार्षापण नाणी ठेवली. त्यातली २००० एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून फळ्यावर नोंदवलासुद्धा.

आता जरा बोटे मोजा. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला राहणारे भिक्षू २०. प्रत्येकाच्या वाट्याला कपड्यांसाठी १२ कार्षापण. हिशेब चोख!

मला यात सगळ्यात आवडला तो बाराचा आकडा. विसांपैकी प्रत्येकाला बाराच. मोठा-धाकटा, जवळचा-लांबचा असा भेद नाही.

आता आपल्या लग्नातल्या मानपानाच्या साड्या आठवा. विहीणबाईंची वेगळी, चुलत सासूची त्याहून हलकी, मावशीची आणखी हलकी आणि घरकामाच्या ताईंची तर वेगळ्याच दुकानातली. साडी हातात पडली की बाई आधी पोत बघते. रंग नंतर. या घरात आपली किंमत किती, ते तिला पोतावरूनच कळते. काही साड्या तर नेसल्याच जात नाहीत, नुसत्या ‘देण्याघेण्याच्या’ असतात. एका लग्नातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या लग्नात फिरत राहतात, आणि एखादी चौथ्या लग्नात आपल्याच ओटीत परत येते!

आपण याला दान म्हणत नाही, हे बरेच आहे. पण हे देणे तरी आहे का? देताना माणसांची प्रतवारी लावली, तर घेणारीच्या हातात कापड पडते आणि मनाला मात्र टोचणी लागते.

चातुर्मासात आपण भोगोपभोगाचे परिमाण करतो, इतक्याच साड्या नेसेन असा नियम घेतो. तो आपल्या अंगावरच्या कपड्यांचा. यंदा त्याला एक नियम जोडून बघूया, दुसऱ्याला द्यायच्या कपड्यांचा. आमच्या घरी पुढचे कार्य निघेल तेव्हा आहेराच्या साड्या एकाच दुकानातून, एकाच भावाच्या घ्यायच्या असे मी ठरवले आहे. विहीणबाईंना तीच आणि कामाच्या ताईंनाही तीच. रंग ज्याचा त्याने निवडावा.

विहीणबाई काय म्हणतील? म्हणू देत. त्यांना मी पांडवलेणी दाखवायला नेईन.