पाना की पान्हा?

हार्डवेअरच्या बिलावर ‘पान्हा सेट’ सर्रास लिहिलेला आढळतो. हा ‘ह’ आगंतुक दिसतो. पान्हा संस्कृत ‘प्रस्नव’ या शब्दाचा वंशज; तो गाईला फुटतो, त्याने नट सुटत नाही. डिकीतला पाना इंग्रजी ‘स्पॅनर’वरून आला असावा. स्टेशनचे टेशन झाले तसा आरंभीचा ‘स’ गळाला. शेवटचा ‘र’ तर साहेबाच्याच तोंडी ऐकू येत नसे. ‘डायवर’मध्ये तो टिकला, हा आक्षेप कुणी घेतला तर तो रास्तच. स्पॅनर मूळचा जर्मन, ‘ताणणे’ या अर्थाच्या धातूपासूनचा. सतराव्या शतकात बंदुकीच्या चापाची कमान ज्या किल्लीने ताणत, ती स्पॅनर. नटबोल्टाकडे तो मागाहून वळला.

किल्लीचे हे नाते पोर्तुगीजांतही दिसते. त्यांच्याकडे कुलपाची ती ‘शाव्ह’ आणि नटाचीही ‘शाव्ह’च. जुन्या उच्चारात तिथे ‘च’ होता. आपली चावी त्या काळी आली असावी. हिंदी मिस्त्री ‘दस की चाबी’ मागतो, तेव्हा तो नकळत पोर्तुगीज वळणावर असतो.

त्याच मिस्त्रीचा स्क्रू पिळायचा पेचकस फारसी: ‘पेच’ म्हणजे पीळ, ‘कश’ म्हणजे ओढणारा. मराठीने पेच पगडीला, पतंगाला, राजकारणाला दिला आणि स्क्रूसाठी ड्रायव्हर नेमला.

पक्कड उघडच ‘पकडणे’वरून. तिची थोरली बहीण सांडशी: सम् आणि दंश, मिळून ‘संदंश’, दोन्हीकडून चावणारी. सुश्रुताच्या यंत्रांत संदंश शल्यवैद्याच्या हाती आहे. सांडशी पुढे चुलीपाशी स्थिरावली.

दंशाचा गुण पक्कडीतही उतरला आहे. तिचे दात नटाचे कोपरे खातात आणि मग कुठलाच पाना बसत नाही. कारण पाना मापाने बसतो: दहाचा पाना म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधले अंतर १० मिलिमीटर. फिक्स पाना दोनच बाजू धरतो, रिंग पाना सहाही कोपऱ्यांना कवेत घेतो. म्हणून घट्ट नट आधी रिंगने सैल करावा, मग फिक्सने भराभर फिरवावा. घरच्या दुचाकीसाठी पहिली खरेदी ८, १०, १२, १४, १७ या मापांच्या रिंग पान्यांची असावी. पक्कडही घ्यावी, पण तार पिळायला आणि पिन उपटायला. नटापासून तिला लांबच ठेवावे.