भांडी घासणाऱ्या इंजिनिअरचं भिंग

१९३६च्या एप्रिलमध्ये प्रिन्स्टनला आइन्स्टाइनच्या दारात रुडी मांडल नावाचा एक चेक इंजिनिअर येऊन उभा राहिला. पोटासाठी तो हॉटेलात भांडी घासत होता. त्याचं म्हणणं साधं होतं. गुरुत्वाने प्रकाश वाकतो ना? मग एका ताऱ्याच्या बरोब्बर मागे दुसरा तारा आला, तर पुढचा तारा भिंगाचं काम करेल. इथवर ठीक. पण अशा भिंगातून एकवटलेल्या किरणांनीच पृथ्वीवरच्या जीवसृष्टीत उलथापालथ झाली, असंही शेपूट त्याने जोडलं होतं. दुसऱ्या कोणी त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. आइन्स्टाइननी गणित करून दिलं. मांडल काही पिच्छा सोडेना, तेव्हा डिसेंबरात ‘सायन्स’मध्ये एक छोटं टिपण छापलं आणि हे प्रत्यक्ष दिसायची फारशी आशा नाही, हेही त्यातच लिहून टाकलं. संपादकांना खासगीत कळवलं ते असं, की याला किंमत फारशी नाही, पण त्या बिचाऱ्याला बरं वाटेल.

गंमत म्हणजे हेच गणित त्यांनी १९१२ साली आपल्या वहीत करून ठेवलं होतं. १९२४मध्ये रशियन भौतिकशास्त्रज्ञ ख्वोल्सन यांनीही या कल्पनेवर चार ओळी लिहिल्या होत्या. प्रकाश किती वाकेल याचा हिशेब तर त्याहून जुना. जर्मनीच्या झोल्डनर यांनी १८०१ साली न्यूटनच्या नियमांवरून तो केला होता. उत्तर मात्र आइन्स्टाइनच्या उत्तराच्या निम्मंच आलं होतं.

या कल्पनेचा खरा मूळपुरुष मला वाटतो तो फ्रिट्झ झ्विकी. कॅलटेकमधला हा स्विस माणूस महाभांडकुदळ, पण १९३७मध्ये त्याने नेमकं बोट ठेवलं: तारे सोडा, दीर्घिका बघा. दीर्घिकांचं वस्तुमान अफाट, पसारा मोठा, म्हणून अशी भिंगं सापडणं जवळपास नक्कीच. शिवाय त्यांच्यातून एरवी न दिसणाऱ्या लांबच्या दीर्घिका दिसतील. कोमा दीर्घिकासमूहात दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वस्तुमान दडलेलं आहे, हे त्याने चारच वर्षांपूर्वी सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी लोकांनी कानाआड केल्या.

पहिलं भिंग हाती लागायला १९७९ उजाडलं. ॲरिझोनातल्या किट पीकवर डेनिस वॉल्श आणि बॉब कार्सवेल क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं, शोधत होते. सप्तर्षीच्या दिशेला जेमतेम ६ विकलांच्या अंतरावर दोन निळे ठिपके होते. एकाचा वर्णपट घेतला, मग दुसऱ्याचा, आणि दोन्ही हुबेहूब एक. चुकून एकाच ठिपक्यावर दोनदा दुर्बीण लावली की काय, अशी शंका आली. तसं झालं नव्हतं. क्वेसार एकच होता, आणि मधल्या दीर्घिकेने त्याच्या दोन प्रतिमा केल्या होत्या. अशा भिंगांची गणिती प्रारूपं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या टीआयएफआरमध्येही बनत होती. शशिकुमार चित्रे, नरसिंह आणि सुब्रमणियन हे त्यात होते.

पुढे एबेल ३७० या दीर्घिकासमूहात एक लांबलचक निळी कमान दिसली. १९८८मध्ये तूलूझच्या चमूने तिचा वर्णपट घेतला, तेव्हा ती समूहाच्या खूप मागे असलेली दीर्घिका निघाली. कमानच का? तर हे भिंग आपल्या बहिर्गोल काचेच्या उलट्या स्वभावाचं आहे. ते मध्याजवळ प्रकाश जास्त वाकवतं, कडेला कमी, त्यामुळे त्याला एकच एक नाभी नाही. काचेच्या ग्लासच्या जाड बुडातून दिव्याकडे पाहा: ज्योत ताणली जाते, दुभंगते, कधी कडं होऊन बसते. आकाशात होतं तेही असंच. फरक एवढाच की तिथली ‘काच’ बहुतांशी कृष्णद्रव्याची, म्हणजे झ्विकीने सांगितलेल्या त्या दडलेल्या वस्तुमानाची. दिसतच नाही.

खरी मेख तीच. कमानींवरून भिंगाचा आकार ताडायचा आणि त्या आकारावरून कमानीमागची खरी दीर्घिका काढायची. यावर भरवसा ठेवायचा कसा, हा प्रश्न रास्तच होता. त्याची परीक्षा आपसूक आली. २०१४मध्ये एका समूहामागे एकाच अतिनवताऱ्याच्या ४ प्रतिमा दिसल्या. आणखी एक प्रतिमा उशिराच्या वाटेने येत आहे, असं भिंगाच्या प्रारूपांनी आधीच सांगितलं, आणि २०१५च्या डिसेंबरात ती आलीही.

त्यानंतर जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने या भिंगांना डोळा लावला. एका कमानीत, महास्फोटानंतर सुमारे ४६ कोटी वर्षांच्या काळातले ५ तारकागुच्छ सुटे सुटे दिसले. भिंगाविना तो सगळा एक अंधूक डाग असता.

२०२५मध्ये पुण्याच्या एनसीआरए संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना वेबच्याच माहितीत एबेल २७४४ या समूहामागे एक सर्पिल दीर्घिका सापडली. तिचं नाव त्यांनी अलकनंदा ठेवलं. भिंगामुळे ती साधारण दुप्पट तेजस्वी दिसते, म्हणून तिचे दोन्ही बाहू नीट ओळखता येतात. विश्व जेमतेम दीडशे कोटी वर्षांचं असताना इतकी घडी बसलेली चकती असेल, अशी अपेक्षा नव्हती. इतक्या लवकर ती बनली कशी, याचा शोध आता चालू आहे.