एकदां ताणलेला पट्टा

कऱ्हाडहून विट्याकडे जाणाऱ्या मार्गावर कडेगांव लागतें. मोहरमांतील उत्तुंग ताबुतांकरितां हें गांव दूरवर विख्यात आहे. याच मुलखांत एके काळीं विहिरींवर मोटा चालत. मोट ओढणाऱ्या नाड्याचे पीळ सुटूं लागले, कीं शेतकरी तो वेळींच बदलीत असे. कारण भरलेली मोट वर येत असतां नाडा तुटला, तर मोट, बैल आणि माणूस या तिघांवरही संकट ओढवे. आतां मोटा गेल्या. उसाच्या हंगामांत या तालुक्याच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या आणि वेगवान मोटारी यांची एकच दाटी होते, आणि मोटारींतील माणसाचा जीव पुन्हां एका विणलेल्या पट्ट्यावरच येऊन ठेपतो. भेद इतकाच, कीं नाड्याची झीज डोळ्यांना दिसे. सीट-बेल्टची बहुधा दिसत नाहीं.

या पट्ट्याचा इतिहास फार जुना नाहीं. १० डिसेंबर १९५४ रोजीं अमेरिकन वायुदलांतील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनीं स्वतःस पट्ट्यांनीं जखडून घेऊन रॉकेटच्या गाड्यावरून ताशीं सुमारें ६३२ मैल वेग गाठला व दीड सेकंदाच्या आंत ते थांबले. नीट बांधलेला मानवी देह केवढा आघात सोसूं शकतो, हें त्या प्रयोगानें सिद्ध झालें. मोटारींत त्या काळीं केवळ कमरेचा पट्टा असे. धडकेच्या वेळीं कमर जागेवर राही, परंतु छाती व मस्तक पुढें आदळे. वैमानिकास संकटकाळीं विमानाबाहेर फेंकणाऱ्या आसनांची रचना करणारे नील्स बोहलिन हे स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनींत आले, आणि त्यांनीं खांदा व कमर या दोहोंस सांभाळणारा, तीन ठिकाणीं जखडलेला पट्टा तयार केला. १९५९ सालीं तो मोटारींत बसूं लागला. कंपनीनें त्याचें पेटंट इतर कारखानदारांसही खुलें केलें. १९७० सालीं ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यानें पट्टा लावणें कायद्यानें बंधनकारक केलें.

महाराष्ट्रांत या विषयाची खरी जाग आली ती ४ सप्टेंबर २०२२ रोजीं. त्या दिवशीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला. मागील आसनांवर पट्टा न लावतां बसलेले ते व त्यांचे सहप्रवासी मृत्यु पावले. पुढील दोघे गंभीर जखमी होऊनही वांचले. तेव्हांपासून पट्टा लावण्याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु एकदां जीव वांचविलेल्या पट्ट्याचें पुढें काय करावें, हा प्रश्न मागेंच राहिला.

त्याचें उत्तर पट्ट्याच्या कार्यांतच आहे. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारा ६० किलो वजनाचा मनुष्य अर्ध्या मीटरच्या अंतरांत थांबवावयाचा, तर त्याच्यावर सरासरी सुमारें १२ क्विंटल वजनाइतका जोर येतो. हा जोर एकदम छातीवर न पडावा म्हणून पट्ट्याचे धागे थोडे ताणतात. आधुनिक पट्ट्याच्या गुंडाळणींत एक धातूची कांडी असते. ती पिळवटून आघाताचा कांहीं भाग स्वतः गिळते. १९८१ सालीं मर्सिडीज-बेंझ कंपनीनें एअरबॅगबरोबर बारुदाच्या स्फोटानें पट्टा क्षणार्धांत आवळणारें यंत्रही आणलें. पिळलेली कांडी उलगडत नाहीं, उडालेली बारूद परत येत नाहीं, आणि ताणलेला धागा पूर्वीचा राहत नाहीं. पट्टा स्वतः खर्ची पडून माणसास वांचवितो. म्हणूनच तो दुसऱ्यांदा तितकाच उपयोगी पडेल असें धरून चालतां येत नाहीं.

दुर्दैवानें अपघातानंतर गॅरेजमध्यें प्रथम लक्ष जातें तें पत्र्याकडे व रंगाकडे. पट्टा ओढला कीं बाहेर येतो, सोडला कीं आंत जातो. मग तो ठीकच आहे, असें मालकास वाटतें. खर्चाची अडचणही खोटी नव्हे. साध्या मोटार-विम्यांत एअरबॅगच्या किंमतींतून ५० टक्के घसारा वजा होतो, आणि उरलेली रक्कम मालकाच्या खिशांतून जाते. यामुळें कोणी भंगारांतील जुना भाग बसवितो, तर कोणी सूचना देणारा दिवा तेवढा विझवितो. दिवा विझल्यानें दोष जात नाहीं. तो केवळ पुढील प्रवाशापासून लपतो.

मोटारीच्या पुस्तिकेंत याविषयींच्या सूचना असतात, त्या प्रमाण मानाव्या. जबर धडकेच्या वेळीं ज्या ज्या आसनावर माणूस पट्टा लावून बसला होता, तेथील पट्टा, बकल व गुंडाळणी हीं सर्व बदलावीं. तळाचे बोल्ट व त्यांखालचा पत्रा तपासावा. लहान मुलाचें आसन गाडींत असल्यास तेंही बदलावें. जुनी मोटार घेणाऱ्यानें पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. कडीजवळ वितळल्यासारखी चकाकी, उसवलेली शिवण वा ताठरलेली वीण आढळली, तर ती गाडी पूर्वी कोठेंतरी आदळली असण्याचा संभव असतो. खूण न दिसली म्हणजे पट्टा निर्दोष, असेंही नव्हे. बदललेल्या भागांचें बिल मागून घ्यावें आणि तें गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपावें. कारण उद्यां ती गाडी दुसऱ्या घरीं जाईल, तेव्हां तिच्यांत बसणाऱ्या मुलाबाळांना मागील धडकेची वार्ता दुसरें कोणी सांगणार नाहीं.