मोंढ्यातून कुंडल रोडला

अंबाजोगाईच्या मोंढ्याजवळ पंप दुरुस्तीच्या दुकानात तुम्ही उकिडवे बसला आहात. विहिरीवरचा जुना पंप समोर उघडा पडलाय. पाणी ओढायचा बंद झाला म्हणून सकाळीच टेम्पोत घालून आणलात. "तासभर लागंल बगा," म्हणत मिस्त्री पाना शोधायला आत जातो. तुम्ही सहज बिडाच्या कवचावरचा गंज नखानं खरवडता. ओतीव अक्षरं वर येतात : किर्लोस्कर. शेवटच्या 'र'वर बोट टेकतं आणि चटका बसतो.

मोंढा दिसेनासा होतो. हे बेळगाव आहे, साल १९०३च्या आसपासचं. तुमच्या गावाला सरकारदरबारी या घडीला मोमिनाबाद म्हणतात आणि तिथं निजामाचा अंमल आहे. इथं मात्र पत्र्याच्या छपराखाली लोखंडी नांगर भिंतीला टेकून ओळीनं उभे आहेत आणि त्यांच्यावर धुळीचा थर बसलाय. एक शेतकरी येतो, वाकतो, फाळावर टिचकी मारून नाद ऐकतो आणि मान हलवून चालायला लागतो. लोखंड लागलं की जमीन विषारी होते, अशी या मुलखात समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं जाणार आहेत, आणि ते इथं फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

छपराखालचा तिशी ओलांडलेला माणूस त्या शेतकऱ्याला हाक मारत नाही. तो फाळाच्या टोकावरून अंगठा फिरवत बसलाय. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर, जन्म १८६९, गाव गुर्लहोसूर. पलीकडे कडबा कापायचं त्यांचं यंत्र आहे. ते बघून तुम्हाला बरं वाटतं, कारण कडबा कुट्टी तुमच्याही गोठ्यात आहे. नांगराआधी त्यांनी हे यंत्र केलं.

एक उडी मागे मारा. मुंबई, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. हाच मुलगा इथं चित्रकार व्हायला आलाय आणि त्याला काही रंग धड ओळखूच येत नाहीत असं निघालंय. रंगाचा ब्रश तो खाली ठेवतो, पण यंत्रांच्या आकृत्या काढायचं सोडत नाही. आकृत्यांना रंग लागत नाही. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागतो. १८८८पासून बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकानही चालतं. बढतीत डावललं जातं तेव्हा नोकरीवर पाणी सोडतो.

जिद्दीवरची व्याख्यानं तुम्ही कॉलेजात पुष्कळ ऐकलीत. धरलेलं सोडू नका, असं त्यांत हमखास असतं. या गृहस्थांनी तर चित्रकला सोडली, नोकरी सोडली, मधे शर्टाची बटणं केली तीही सोडली. हट्ट धरला तो नांगराचा. आणि त्यातही, गिऱ्हाईक नाही म्हणालं की अडाणी म्हणून हिणवायच्या ऐवजी फाळ परत भट्टीत गेला. माझ्या मते त्यांची खरी चिकाटी इथं दिसते, पण व्याख्यानात ती रंगत नाही.

आता १९१०चा मार्च. बेळगावच्या नगरपालिकेनं कारखाना हलवायला सांगितलंय. ती जागा नव्या वस्तीसाठी हवी आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ३२ एकर माळ दिला, वर दहा हजार रुपये कर्ज. त्या माळासाठी कुंडल रोड स्टेशनावर उतरता तर काय, जिकडे बघाल तिकडे फड्या निवडुंग. सापांची वस्ती आधीपासूनची, माणसांची नाही. कुणीतरी तुमच्या हातात कोयता देतं. दुसऱ्याच घावाला तळहातात काटा मोडतो. बायकापोरांसह आलेले कामगार बाजूला राहुट्या ठोकताहेत, कारण आधी राहायचं कुठं हाच प्रश्न आहे. अजून छप्पर नाही, पण या माळावर कारखान्याबरोबर गावही बसवायचं हे ठरलेलं आहे. पुढे त्याला किर्लोस्करवाडी म्हणतील.

चार वर्षांत महायुद्ध पेटेल, परदेशी माल येईनासा होईल. नांगराला लावायला रंगसुद्धा मिळणार नाही, तर वाडीवाले तोही घरीच करतील. ज्याला रंग नीट दिसत नव्हते त्याच्या कारखान्यात!

"ओ दादा, झोपलात का? जोडलाय बगा." मिस्त्री पंपावर थाप मारतो. तुम्ही तळहात बघता. काटा नाही, गंज आहे.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ला गेले. मराठवाडा हैदराबादेतून सुटून मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबरला. अंबाजोगाई आणि किर्लोस्करवाडी एका राज्यात यायला त्यांच्यामागे ३६ दिवस लागले.