खडी होण्याआधी दगड एकदा बघा

कोन-सावळा रस्त्याने जाणारे खडीचे डंपर आपण रोज बघतो. हा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. तो एका दमात आला नाही. दोन लोटांमध्ये बराच काळ जायचा. तेवढ्यात तळी साचायची, झाडं वाढायची, मरायची. लाकूड कुजायला लागलं की बुरशी आलीच. मग पुढचा लोट येऊन सगळं झाकून टाकायचा.

बुरशीला ना हाड ना कवच. मग ती टिकली कशी? पाण्यात विरघळलेली सिलिका लाकूड पूर्ण कुजायच्या आत त्याच्या पेशीपेशीत शिरली आणि तिथेच घट्ट झाली. गारगोटीच्या जातीच्या या दगडाला चर्ट म्हणतात. त्याची चकती प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की बुरशीचे धागे दिसतात.

नागपूरला लागून असलेल्या सौसर भागातल्या चर्टमधल्या वनस्पतींवर बिरबल सहानी आणि एच. एस. राव यांनी १९४३ साली निबंध छापला, त्यात बुरशीही होती. पुढे नागपूरच्या डॉ. श्यामला चितळे यांनी मोहगाव कलानच्या दगडांवर अनेक वर्षं काम केलं. तिकडे स्कॉटलंडमध्ये रायनी गावच्या दगडी कुंपणातला वेगळा दगड १९१२ साली विल्यम मॅकी या डॉक्टरांच्या नजरेत भरला. त्यात ४० कोटी वर्षांपूर्वीची बुरशी निघाली.

पण सापडणं हे अर्धंच काम. दगड कुठल्या गावचा, कुठल्या थरातला, ही नोंद हरवली तर उरतो तो शोभेचा दगड.

आपल्या जवळ, वरळीला, लाव्हाच्या अशाच मधल्या थरात बेडकांचे जीवाश्म सापडलेत. इथे तर उलव्याची अख्खी टेकडी विमानतळासाठी कापली गेली. खाणींच्या बातम्या मी वीस वर्षं देतोय. रॉयल्टी, धूळ, सुरुंगाने तडकलेल्या भिंती, यावर आंदोलनं पाहिली. दगडात काय आहे, यावर एकही बैठक पाहिली नाही. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा जपण्यासाठी विधेयकाचा मसुदा आणला. मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

म्हणून ग्रामसभेत एवढी एक मागणी करा: खाणीत काळ्या दगडाच्या मध्ये मातकट किंवा गारेचा थर लागला, तर काम पुढे नेण्याआधी भूशास्त्राच्या जाणकाराला दाखवायचा. तुम्हाला असा थर दिसला तर दगड उचलू नका. जागेसकट फोटो काढा, तारीख लिहून ठेवा. क्रशरमधून गेल्यावर विचारायला काही उरत नाही.