दुःखाला मुदत किती?

१९९३ साली महाराष्ट्रात दोन आपत्ती घडल्या. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला धरणी हादरली आणि त्याच वर्षी मेळघाटातल्या चिखलदरा-धारणीकडची कोरकू आदिवासी बालके कुपोषणाने दगावत असल्याच्या बातम्या आल्या. किल्लारीत वाचलेल्यांची मने तपासायला मनोविकारतज्ज्ञ गेले, १९९६ मध्ये त्यावर शोधनिबंधही निघाला. मेळघाटात वजनकाटे गेले. मूल कुपोषणाच्या तिसऱ्या श्रेणीतले की चौथ्या, हे लिहिले गेले. त्याला पुरून आलेल्या आईसाठी त्या नोंदवहीत रकाना नव्हता. एका पहाटेत घडते तिला आपण आपत्ती म्हणतो आणि दर पावसाळ्यात येते तिला परिस्थिती. ही सवय जुनी आहे. १८९९-१९०० च्या वऱ्हाडातल्या दुष्काळातही सरकारी मदतीचा हिशेब काम, मजुरी आणि धान्याचाच होता.

मग मनाचे कोण पाहत होते? माझ्या मते, कोरकूंची स्वतःची रीत. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात सिडोली या मृत्यूनंतरच्या विधीचे वर्णन आहे. माणूस पुरल्यावर हा विधी लगेच उरकायचा नसतो. काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी, ऐपत झाली की सोयरे-भावकी जमवून मृताला पितरांत मिळवायचे. मृताच्या स्मरणार्थ चंद्र-सूर्य कोरलेला लाकडी मुंडा, म्हणजे खांब, उभा राहतो. म्हणजे वाईट सालात गेलेल्याचा शोक चांगल्या सालापर्यंत थांबू शकतो आणि तो एकट्याने करावा लागत नाही. मदतीच्या योजनांना मार्चअखेर असते, सिडोलीला नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. याच समाजात आजारी लेकराच्या पोटावर तापल्या लोखंडाने डाग, म्हणजे डंबा, देतात. रीत म्हटली की सगळी पवित्र होत नाही. शिवाय नैराश्य हा आजार आहे, त्याला औषध लागते. कबूल. पण औषधापर्यंत माणूस पोचतो कसा? शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातल्या ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रम चालला. गावचेच कार्यकर्ते, त्यांच्यामागे समुपदेशक आणि त्यांच्यामागे मनोविकारतज्ज्ञ, अशी त्याची उतरंड होती. नैराश्यग्रस्तांपैकी उपचारासाठी कुणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेले. तज्ज्ञ हवाच, पण दाराशी ओळखीचा माणूस आधी लागतो. मेळघाटात तो कोरकू बोलणारा हवा. आणि डंबा सोडायला तयार असेल, तर तो भूमका, म्हणजे गावचा पारंपरिक वैदूही असू शकतो.

मेळघाट व्याघ्र प्रकल्पातल्या गावांच्या पुनर्वसनात मात्र माणसांच्या मनाचे कुणी ध्यानात घेतल्याचे दिसत नाही. कुटुंबामागे १० लाख रुपये ठरले, गावे अकोट-तेल्हाऱ्याकडे उतरली. नव्या जागी सोयी नाहीत, माणसे मरताहेत, अशी तक्रार करत काही गावकरी परत जंगलात शिरले आणि जानेवारी २०१९ मध्ये वनखाते, पोलीस आणि त्यांच्यात चकमक उडाली. पुढची चर्चा पुन्हा जमीन आणि रकमेचीच झाली.